‘असन’, ‘पायजे’ आणि इंग्रजीतले मोडल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या अभ्यासपानावर दहावी-बारावीच्या मुलांसाठी इंग्रजीतल्या मोडल ऑक्झिलरीचा, म्हणजे मुख्य क्रियापदाआधी येऊन गरज, परवानगी, अंदाज असे अर्थ दाखवणाऱ्या साहाय्यक क्रियापदांचा, तक्ता दरवर्षी येतो. डावीकडे कॅन, कुड, मे, माइट, शॅल, शुड, विल, वुड, मस्ट, ऑट टू, आणि उजवीकडे प्रत्येकापुढे एकेक मराठी शब्द. कॅन म्हणजे शकणे, मे म्हणजेही शकणे, शुड म्हणजे पाहिजे, मस्ट म्हणजे पाहिजेच. गावाकडची मुलं हे पान कापून वहीत चिकटवतात आणि परीक्षेपर्यंत तेच घोकतात. ज्या गावात शिकवणी नाही, तिथे पेपरातलं पान हीच शिकवणी असते. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहितो आहोत.

आम्ही विदर्भातल्या खेड्यांत मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवतो. मोडल चुकतात त्याचं मुख्य कारण हा एका शब्दाला एक अर्थ लावणारा तक्ताच आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. मोडल निवडायचं तर मराठी वाक्याच्या शेवटाकडे पाहावं. ‘जा लागते’ (जावं लागतं), ‘गेलं पायजे’, ‘जाऊ नोको’, ‘गेला असन’ (गेला असेल), ‘जाता येते’ हे शेवट मूल शाळेत येण्याआधीपासून बिनचूक वापरत असतं. आज्ञा, गरज, सल्ला, अंदाज यांतला फरक त्याला घरीच कळलेला असतो. तक्ता या सगळ्यांना ‘शकणे’ आणि ‘पाहिजे’ अशा दोन पोत्यांत कोंबतो आणि मुलाला जे येत होतं तेही गोंधळात टाकतो.

‘पाहिजे’पासूनच सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त चुका तिथे होतात. ‘मले तहसीलमधी जा लागते’ यात जोर बाहेरून आला आहे: दाखला तिथेच मिळतो, दुसरा इलाज नाही. इथे हॅव टू. ‘तू आज गेलंच पायजे’ यात बोलणाराच दटावतो आहे. इथे मस्ट. ‘तू एकदा डॉक्टरले दाखवाले पायजे’ हा सल्ला. ऐकला तर बरं, नाही ऐकला तर कोणी पकडून नेत नाही. इथे शुड. बोलताना इंग्रज माणूस मस्ट आणि हॅव टू यांत फार काटेकोर नसतो, म्हणून तिथे एखाद्या मुलाचे गुण कापू नयेत. पण शुडच्या जागी मस्ट घातलं की सल्ल्याचा हुकूम होतो. मोठ्या माणसाला लिहिलेल्या अर्जात तो उद्धट वाटतो.

भूतकाळात गेलं की खरी पंचाईत होते. मस्टला भूतकाळाचं रूप नाही, कारण ते मुळातच एका जुन्या क्रियापदाचं भूतकाळी रूप होतं. म्हणून ‘काल मला तहसीलला जावं लागलं’ याला आय हॅड टू गो एवढंच उत्तर आहे. मुलं ‘मस्ट वेन्ट’ लिहितात, क्वचित ‘मस्टेड’ही लिहितात. आता शेजारचं वाक्य पाहा: ‘काल मी तहसीलला जायला पाहिजे होतं.’ हा माणूस गेलाच नाही, म्हणून हळहळतो आहे. इथे आय शुड हॅव गॉन. ‘जावं लागलं’ म्हणजे काम झालं, ‘जायला पाहिजे होतं’ म्हणजे राहिलं, आणि मराठीत या दोन वाक्यांचा घोळ पाचवीतलं पोरही करत नाही. फळ्यावर ही जोडी शेजारी-शेजारी लिहावी, ‘गेला का?’ एवढंच विचारावं, आणि ‘गेला’ असेल तर हॅड टू, ‘राहिला’ असेल तर शुड हॅव आणि क्रियापदाचं तिसरं रूप. शुड हॅव शिकवायला याहून जवळची वाट आम्हाला माहीत नाही. इथेही एक खड्डा आहे. कर्ता तो किंवा ती असला की मुलं ‘शुड हॅज गॉन’ लिहितात आणि काळ भूत म्हणून ‘शुड हॅड गॉन’ लिहितात. मोडलनंतर कायम मूळ रूप येतं, म्हणून कर्ता कोणीही असो, काळ कोणताही असो, हॅवच.

नकाराची जोडी तर तक्त्यात नसतेच. मस्ट आणि हॅव टू होकारात जवळजवळ सारखे, पण नकारात दोन टोकांना जातात. ‘येऊ नोको’ म्हणजे मस्ट नॉट, ‘या लागत नाही’ (यावं लागत नाही) म्हणजे डोन्ट हॅव टू किंवा नीड नॉट. पहिल्यात मनाई आहे, दुसऱ्यात मोकळीक. कापसावरच्या फवारणीचं उदाहरण घ्या. ‘यू मस्ट नॉट स्प्रे अगेन्स्ट द विंड’ म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून फवारू नका, औषध अंगावर येईल. त्याच जागी डोन्ट हॅव टू घातलं तर अर्थ होतो, वाऱ्याच्या विरुद्ध फवारायची गरज नाही, पण फवारलं तर हरकत नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेची कारणं वेगळी होती, इंग्रजी हे काही तिचं कारण नव्हतं. पण ज्या मुलाच्या घरात फवारणीचा पंप आहे, त्याला हे उदाहरण एकदा दिलं की मस्ट नॉटचा अर्थ तो विसरत नाही. डब्यावरची सूचना नीट वाचता यावी, हाही मोडल शिकण्याचा एक साधा उपयोग आहे.

आता कॅन. ‘तिला ट्रॅक्टर चालवता येतो’ हे अंगातलं कौशल्य. ‘आज ट्रॅक्टर चालवू शकतो, डिझेल आणलं आहे’ ही परिस्थितीने दिलेली सोय. ‘ट्रॅक्टर नेला तरी चालेल’ ही परवानगी. मराठीत तीन वेगळे शेवट, इंग्रजीत तिन्हींना एकच कॅन पुरतो. म्हणून कॅन वापरणं सोपं आणि ओळखणं अवघड. वाक्यातल्या कॅनचा अर्थ सांगा म्हटलं की मुलं डोळे मिटून ‘क्षमता’ लिहितात. त्यांनी ते वाक्य आधी मराठीत करावं. शेवटी ‘येतं’ आलं तर क्षमता, ‘चालेल’ आलं तर परवानगी, आणि ‘शकतं’ आलं तर पुढचे-मागचे शब्द वाचून ठरवावं. परवानगी मागताना मे आय आणि कॅन आय दोन्ही बरोबर. मे जरा अदबीचं, म्हणून वर्गाच्या दारात ते शोभतं. पण कॅन आय म्हणणाऱ्या मुलाला चूक ठरवून उभं ठेवण्याचं कारण नाही.

कुड म्हणजे ‘शकला’ हे तर तक्त्यातलं सर्वांत फसवं समीकरण. ‘लहानपणी मला झाडावर चढता यायचं’ इथे कुड बरोबर, कारण ती कायमची अंगातली ताकद होती. पण ‘नाल्याला पूर होता, तरी काल आम्ही पलीकडे जाऊ शकलो’ इथे एका दिवशी, एका वेळी काम फत्ते झालं. याला वुई कुड क्रॉस चालत नाही. वुई वेअर एबल टू क्रॉस किंवा वुई मॅनेज्ड टू क्रॉस म्हणावं लागतं. नकारात मात्र ही अडचण नाही. ‘जाऊ शकलो नाही’ याला कुड नॉट क्रॉस सरळ चालतं. ऐकू येणं, दिसणं अशा क्रियापदांनाही एका वेळेपुरतं कुड चालतं. पुराचं पाणी रात्रभर ऐकू येत होतं, तर वुई कुड हिअर द वॉटर बरोबर.

स्पेलिंगचा एक खुलासा इथेच करतो, कारण मुलं हमखास विचारतात. वुड आणि शुडमधला एल हा विल आणि शॅलमधून आलेला आहे. कुडच्या मुळाशी कॅन आहे आणि कॅनमध्ये एल नाहीच. दोन शेजाऱ्यांच्या संगतीने तो कुडमध्ये शिरला. तिन्ही शब्दांत त्याचा उच्चार करायचा नाही. हे सांगितलं की मुलं एल गाळायची थांबतात.

अंदाजाच्या बाबतीत आपली बोली इंग्रजीच्या फार जवळ आहे. शेवटची एसटी गाठायला माणूस फाट्यावर येतो. थांब्यावर चिटपाखरू नाही, पानठेलेवाला फळी लावतो आहे, घड्याळात गाडीची वेळ होऊन वीस मिनिटं झालेली. तो म्हणतो, ‘गाडी गेलीच असन.’ द बस मस्ट हॅव गॉन. थांब्यावर दोन-चार माणसं उभी आहेत, पण वेळ टळून गेली आहे, तर तो म्हणतो, ‘गेली असन कदाचित.’ द बस मे हॅव गॉन, किंवा माइट हॅव गॉन. अख्खा बाजार थैल्या घेऊन थांब्यावर उभा आहे, तर तो म्हणतो, ‘गाडी गेली असूच शकत नाही.’ द बस कान्ट हॅव गॉन. या तिसऱ्या ठिकाणी मुलं मस्ट नॉट हॅव लिहितात, कारण मस्टचा उलटा मस्ट नॉट असं त्यांनी पाठ केलेलं असतं. खात्रीच्या अंदाजातला मस्ट नकारात गेला की त्याचा कान्ट होतो. मे आणि माइट यांत आज फारसा फरक उरलेला नाही. माइट थोडं जास्त डळमळीत, एवढंच. त्यांतल्या फरकावर अर्धा तास घालवू नये. मे नॉट मात्र जपून वापरावं. ही मे नॉट कम म्हणजे तो कदाचित येणार नाही. यू मे नॉट कम इन म्हणजे आत यायचं नाही. पहिला अंदाज, दुसरी मनाई.

वुडचा एक उपयोग मराठीत अगदी तयार आहे. ‘आजोबा पहाटे विहिरीवर जायचे’ यातला ‘-यचे’ म्हणजे वुड. पण ‘इथे चिंचेचं झाड असायचं’ याला वुड बी चालत नाही, यूज्ड टू बी लागतं. झाड काही रोज उठून काम करत नव्हतं, ते नुसतं होतं. वारंवार केलेल्या कामाला वुड आणि यूज्ड टू दोन्ही, नुसत्या स्थितीला फक्त यूज्ड टू. मराठीत दोन्हीकडे ‘-यचं’ आल्यामुळे मुलं फसतात, म्हणून ही जोडीही शेजारी-शेजारी लिहावी. विनंतीतला वुड शिकवायला तर आपल्याकडचा ‘जी’च पुरेसा आहे. ‘पेन दे’ आणि ‘पेन देता का जी’ यांत जो फरक आहे, तोच गिव्ह मी युअर पेन आणि वुड यू गिव्ह मी युअर पेन यांत आहे. आपल्या मुलांच्या तोंडात ‘जी’ सहज असतो, आणि इंग्रजी बोलू लागली की तीच मुलं वुड न लावता हुकूम सोडतात. त्यांना उद्धट म्हणण्याआधी त्यांचा ‘जी’ इंग्रजीत कुठे गेला ते त्यांना दाखवायला हवं.

रचनेच्या चुकांचंही मूळ बहुतेकदा मराठीत सापडतं. आपण ‘तो शकतो, ती शकते, ते शकतात’ म्हणतो, म्हणजे ‘शकणे’ कर्त्याप्रमाणे बदलतं. म्हणून मुलाचा हात आपोआप ‘ही कॅन्स’ लिहितो, नाहीतर तो एस पुढच्या क्रियापदाला लावून ‘ही कॅन गोज’ करतो. ‘जायला पाहिजे’ यातला ‘-ला’ म्हणजे टू असं त्याच्या डोक्यात बसलेलं असतं, म्हणून ‘मस्ट टू गो’ येतं. तक्त्यातल्या मोडलांपैकी टू फक्त ऑटला लागतं. आणि ‘करू शकेल’ या एका मराठी रूपात भविष्यकाळ आणि शक्यता दोन्ही मावतात, म्हणून ‘विल कॅन डू’ येतं. इंग्रजीत दोन मोडल एकमेकांना खेटून बसत नाहीत, दुसऱ्याने रूप बदलायचं असतं: विल बी एबल टू डू. ‘जावं लागेल’ याचंही तसंच: विल हॅव टू गो. मुलाला नुसतं ‘चूक’ म्हणून लाल रेघ ओढली तर तो दुसऱ्या दिवशी तेच लिहितो. मराठीतला ‘-तो’, ‘-ला’ आणि ‘-ेल’ कुठून शिरला ते दाखवलं तर चूक सुटते.

परीक्षेचं बोलायचं तर बारावीच्या कृतिपत्रिकेत अमुक अर्थ दाखवणारं मोडल घालून वाक्य पुन्हा लिहा, असा प्रश्न येतो. क्षमतेला कॅन, शक्यतेला मे किंवा माइट, परवानगीला मे किंवा कॅन, सक्तीला मस्ट, सल्ल्याला शुड, नैतिक कर्तव्याला ऑट टू, एवढं लक्षात ठेवलं की निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं पुढच्या क्रियापदात आहे, आणि गुण तिथेच जातात. शी गोज टू मार्केट याला शक्यतेचं मोडल लावताना मुलं ‘शी मे गोज’ लिहितात. एस काढायचा: शी मे गो. वाक्य आधीच मोडलचं असेल तर जुनं मोडल काढून मग नवं घालायचं. ‘यू शुड मस्ट’ असं दोन्ही ठेवायचं नाही. डझ नॉट किंवा डिड नॉट असेल तर डू-डिडसुद्धा जातं: शी डझ नॉट कम याचं शी मे नॉट कम. आणि मूळ वाक्य भूतकाळाचं असेल, ही वेन्ट होम, तर ही मे हॅव गॉन होम. इनडायरेक्टमध्ये, म्हणजे दुसऱ्याचं बोलणं आपल्या शब्दांत सांगताना, कॅनचं कुड, विलचं वुड, मेचं माइट होतं. शुड आणि वुड तसेच राहतात. सक्तीच्या मस्टचं हॅड टू होतं.

शॅल आणि मे यांच्याबद्दल थोडं वेगळं सांगायचं आहे. बोलण्यात शॅल आज ‘शॅल आय?’, ‘शॅल वुई?’ एवढ्यापुरतंच उरलं आहे: ‘दार लावू का?’, ‘निघायचं का?’ पण कायद्याच्या इंग्रजीत शॅलचं वजन मोठं आहे. राज्यघटनेच्या २१अ कलमात सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना राज्य मोफत आणि सक्तीचं शिक्षण देईल असं जे म्हटलं आहे, ते शॅल घालून म्हटलं आहे. ते बंधन आहे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात, कलम ७(१) मध्ये, तीस दिवसांच्या आत माहिती द्यावी किंवा कारण देऊन नाकारावी असं आहे, तिथेही शॅल. आता राज्यघटनेचं ३७१(२) कलम उघडा. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी वेगळी विकास मंडळं स्थापण्याची विशेष जबाबदारी राष्ट्रपती राज्यपालांवर सोपवू शकतील, असं ते म्हणतं. तिथे शब्द आहे मे. ही तरतूद १९५६ च्या दुरुस्तीने आली, मंडळं उभी राहिली १९९४ मध्ये, आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. एवढ्या वर्षांची कारणं एका शब्दात नसतात, आणि न्यायालयं कधी कधी संदर्भ पाहून मेचा अर्थ बंधनकारकही लावतात. तरीही विदर्भातल्या बारावीच्या मुलाला मे आणि शॅल यांतला फरक शिकवायला याहून जवळचं उदाहरण कुठलं सापडेल? देईल आणि देऊ शकेल, या दोन वाक्यांत किती अंतर आहे ते त्याला आपोआप कळतं.

शिकवण्याच्या क्रमाबद्दल. सगळे मोडल एका तासात उरकू नयेत. पहिल्या आठवड्यात फक्त कॅन, हॅव टू, शुड आणि मस्ट नॉट. दुसऱ्या आठवड्यात अंदाजाचे मस्ट, मे, कान्ट. तिसऱ्यात शुड हॅव आणि हॅड टू ही जोडी, आणि त्यानंतर वुड. ऑट टू, नीड, डेअर शेवटी, परीक्षेपुरते. रोज दहा मिनिटं आणि पाच वाक्यं पुरतात, पण वाक्यं मराठीत द्यावीत, बोलीतली दिली तर उत्तमच, आणि इंग्रजीकडे वळण्याआधी मुलाने तीन गोष्टी तोंडाने सांगाव्यात: जोर कोणाचा आहे, काम झालं का, आणि खात्री किती आहे. पहिले आठ-दहा दिवस हे संथ वाटतं. मग मुलं स्वतःच ‘या लागत नाही’ ऐकलं की डोन्ट हॅव टू म्हणू लागतात.

तेव्हा आपल्याला विनंती, की यंदाच्या अभ्यासपानात त्या तक्त्याऐवजी मराठी वाक्यांच्या जोड्या छापाव्यात. अशा बारा जोड्या उत्तरांसह या पत्रासोबत पाठवत आहोत. नागपूर-अमरावतीच्या आवृत्तीत त्या वऱ्हाडी-नागपुरीत छापल्या तर मुलांना लवकर लागू पडतील. प्रमाण मराठीत छापल्या तरी हरकत नाही. जागेची अडचण असेल तर निदान ‘येऊ नोको’ आणि ‘या लागत नाही’ ही एक जोडी, आणि ‘जावं लागलं’ व ‘जायला पाहिजे होतं’ ही दुसरी, एवढ्या दोन तरी परीक्षेच्या आधी याव्यात.

आपले,
ग्रामीण विदर्भातील इंग्रजीचे काही शिक्षक